एका तोंडाची खाण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या वर्गात मी कधी बसलो नाही. पण खाणीत माझ्या हाताखाली काम केलेली बरीच माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली होती. पाळी संपल्यावर ही मंडळी रिपोर्ट लिहायची, तेव्हा वेलांटी कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ यावरून लॅम्परूमच्या बाहेर वाद झालेला मी ऐकला आहे. अंगावर कोळशाची पूड, हातात विझलेला दिवा आणि वाद वेलांटीचा. तेव्हा गुरुजींचं थोडं ऋण माझ्याकडेही निघतं.

संयोजकांनी महिन्यापूर्वी विषय विचारला. मी म्हटलं, ‘हवा’. ते म्हणाले, ‘म्हणजे पर्यावरण का?’ मी म्हटलं, ‘नाही, नुसती हवा. जमिनीखालची.’ ते जरा गप्प झाले. मग पत्रिकेवर ‘खाणीतील वायुवीजनाचा इतिहास’ असं भारदस्त नाव छापून आलं. त्या नावाला घाबरून जे आले नाहीत त्यांना माझा नमस्कार सांगा. जे आलात त्यांना मी आज एका विहिरीची गोष्ट सांगणार आहे. तिला दोन नाकपुड्या हव्या होत्या आणि एकच होती. त्यापायी एका गावातली २०४ माणसं गेली.

पण आधी थोडं इकडचं सांगतो. माझं आजोळ सांगलीजवळ. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे हरिपूर आहे, आणि तिथली हळदीची पेवं आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असतील. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली पोट फुगलेलं, वीस-पंचवीस फूट खोल. लहानपणी मी पेव उघडताना पाहिलं आहे. तोंडावरची माती काढली, झाकण काढलं, आणि सगळे चक्क बाजूला जाऊन तंबाखू मळत बसले. मला वाटलं, आता उतरतील. कुणी उतरेना. बऱ्याच वेळानं एकानं पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडला. कंदील खाली गेला, ज्योत बारीक झाली, आणि पुसून टाकल्यासारखी विझली. माणसं पुन्हा बसली. मामा म्हणाले, ‘अजून श्वास आलेला नाही त्याला.’

पेवाला श्वास येतो, हे मी पुढे खनिकर्माच्या पुस्तकात वेगळ्या शब्दांत वाचलं. पण मामांचं वाक्य जास्त बरोबर होतं. बंद जागेतला माल स्वतःही श्वास घेतो, प्राणवायू खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाला बसतो. तोंड एकच असल्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ पाहते आणि आतली बाहेर येऊ पाहते, दोघी उंबरठ्यावर अडतात. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घराला छताला सवणं ठेवतात. खालच्या दारानं हवा आत येते, चुलीचा धूर सवण्यातून जातो. ते सवणं बुजवून बघा, दार सताड उघडं असलं तरी घरातली बाई खोकून हैराण होईल. हवा आत येण्यासाठी दार लागतं हे सगळ्यांना कळतं. ती बाहेर जाण्यासाठी दुसरं दार लागतं, हे कळायला कोळसा खाणींना फार वेळ लागला.

कळलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. त्याच्याकडे मी येतोच.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलच्या आसपास, टाइन नदीच्या दोन्ही अंगांना जुन्या, मोठ्या कोळसा खाणी होत्या. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या खाली उतरत होती. त्यांना दोन वायू माहीत होते. एक मिथेन, म्हणजे जो पेटतो तो. दुसरा प्राणवायू संपल्यावर उरणारा, ज्यात दिवा विझतो तो, आपल्या पेवातला. पहिल्यासाठी हवेचा झोत लागायचा, दुसऱ्यासाठीही हवेचा झोतच लागायचा. म्हणून खाणीत हवा खेळवायची कशी, हा तिथल्या धंद्याचा कळीचा प्रश्न होता.

त्यांचा उपाय चुलीचाच होता. दोन शाफ्ट, म्हणजे दोन खोल विहिरी. एकीच्या तळाशी मोठी भट्टी पेटवायची. भट्टीवरची हवा तापते, हलकी होते, वर चढते, आणि तिची जागा भरायला दुसऱ्या विहिरीतून गार हवा खाली ओढली जाते. मधल्या बोगद्यांमधून ही हवा फिरवायची. व्हाइटहेवनच्या जेम्स स्पेडिंगनं अठराव्या शतकाच्या मध्यात ती एकाच लांबलचक ओळीत सगळ्या कामांमधून नेण्याची रीत बसवली. पण मैलोन्मैल फिरून ती शेवटच्या माणसापर्यंत पोचायची तेव्हा तिच्यात घेण्यासारखं फारसं काही उरत नसे. पंगतीत एकच पातेलं फिरवलं की शेवटच्या पानाला रस्साच येतो, तसं. वॉल्सएंडच्या जॉन बडलनं १८१० च्या सुमारास ही एक ओळ तोडून तिचे फाटे केले. प्रत्येक भागाला स्वतःची ताजी हवा, आणि प्रत्येक भागाची वापरलेली हवा सरळ परतीच्या बोगद्यात. आज कुठल्याही खाणीच्या नकाशावर जे निळे-लाल बाण दिसतात त्यांची मूळ कल्पना ही.

आता एक अडचण बघा. परतीच्या हवेत मिथेन असतो आणि तिची वाट भट्टीवरून जाते. म्हणजे ज्या हवेला आगीपासून लांब ठेवायचं तीच हवा आगीवरून न्यायची! त्यावर तिथल्या खाणवाल्यांनी एक तोड काढली. घाणेरडी हवा भट्टीकडे न नेता एका वेगळ्या तिरप्या बोगद्यानं भट्टीच्या बऱ्याच वर, थेट शाफ्टमध्ये सोडायची. भट्टीला थोडी चांगली हवा जाळायला द्यायची आणि वाईट हवेला ज्वाळेच्या डोक्यावरून निसटू द्यायचं. खाणकामगार या बोगद्याला ‘डम्ब ड्रिफ्ट’ म्हणत. मुका बोगदा. त्यातून कोळसा जात नसे, गाडी जात नसे, माणूस जात नसे. मी खाणीचे खूप बोगदे पाहिले, पण इतकं चांगलं नाव दुसऱ्या कुठल्या बोगद्याला मिळालेलं मला माहीत नाही.

आणि बोगदे बिनचूक असले तरी हवा आपोआप हवी तिकडे वळत नाही. तिला दारं लागतात. हवेच्या वाटेवर कोळशाच्या गाड्याही जायच्या, म्हणून प्रत्येक गाडीसाठी दार उघडून लगेच लावावं लागे. हे काम मुलांकडे होतं. पाच-सहा वर्षांची मुलंसुद्धा. दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा, त्यात मूल बसलेलं, हातात दोरी. गाडीचा आवाज आला की दोरी ओढायची, गाडी गेली की सोडायची. दिवा बहुतेकांकडे नसे. दिवसाचे बारा तास अंधार आणि एक दोरी. १८४२ साली ब्रिटिश संसदेपुढे बालकामगारांचा अहवाल आला, त्यातली त्या मुलांची चित्रं पाहून लोक हादरले. त्याच वर्षी कायदा झाला: दहा वर्षांखालची मुलं आणि सगळ्या स्त्रिया खाली उतरायच्या नाहीत. बडलच्या त्या सगळ्या हुशार फाट्यांचा भार शेवटी दोरी धरून पेंगणाऱ्या पोरावर होता, हे वायुवीजनाच्या पुस्तकांत सहसा लिहीत नाहीत. आणि १८३५ मध्ये बडलच्याच वॉल्सएंडच्या खाणीत स्फोट होऊन १०२ माणसं मेली, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता हार्टले.

न्यू हार्टले हे नॉर्थम्बरलंडमधलं खाणकामगारांचं छोटं गाव. समुद्र जवळ. जुनी खाण १८४४ मध्ये पाण्यानं बुडाली, म्हणून पुढच्या वर्षी नवा शाफ्ट पाडायला घेतला. त्याचं नाव हेस्टर पिट. सुमारे बारा फूट व्यासाची आणि सहाशे फूट खोल विहीर. आपल्या सभागृहाचा हा खांब ते तो खांब असं धरा, एवढीच तिची रुंदी. त्या एका भोकातून सगळं चालायचं. माणसं उतरायची, कोळसा वर यायचा, पाणी उपसायचे नळ तिथूनच, ताजी हवा तिथूनच खाली आणि भट्टीची गरम हवा तिथूनच वर. मग हवा वेगळी कशी ठेवायची? विहिरीच्या मधोमध वरपासून तळापर्यंत फळ्यांची उभी भिंत. इकडच्या अर्ध्यातून हवा उतरणार, तिकडच्या अर्ध्यातून चढणार.

असं का केलं? विहीर पाडणं महाग होतं म्हणून. पाण्यानं भरलेल्या खडकातून सहाशे फूट जायचं, विटा-दगडांनी बांधून काढायचं, त्यात वर्षं जायची. फळ्यांना काय लागतं? सुतार लागतो. एका खाणीपुरतं बोलाल तर हिशेब चोख होता. आणि अशा एका तोंडाच्या खाणी त्या भागात पुष्कळ होत्या. हार्टलेच्या मालकांनी काही जगावेगळं केलं नव्हतं.

हार्टलेला पाणी फार. ते उपसायला त्या मुलखातलं एक अजस्र वाफेचं इंजिन शाफ्टच्या अगदी तोंडाशी बसवलं होतं. या इंजिनाला एक लांब तुळई असते, सी-सॉसारखी. एका टोकाला वाफ ढकलते, दुसऱ्या टोकाला विहिरीत गेलेली पंपाची दांडी. ती तुळई ओतीव लोखंडाची होती, वजन ४० टनांहून जास्त. तिचं पंपाकडचं टोक थेट विहिरीच्या डोक्यावर लटकलेलं.

१६ जानेवारी १८६२, गुरुवार, सकाळी साडेदहाची वेळ. पाळी बदलत होती. आधीच्या पाळीची माणसं अजून खाली, नव्या पाळीची उतरलेली. म्हणजे नेहमीच्या दुप्पट. पाळण्यात आठ माणसं वर येत होती. तेव्हा ती तुळई मधोमध तुटली. तिचा वीस-एकवीस टनांचा अर्धा भाग विहिरीत गेला. जाताना त्यानं फळ्यांची भिंत, तिला धरून ठेवणारी लाकडं, काठाचे दगड असं सगळं सोबत नेलं, आणि खाली कुठेतरी हा सगळा ढिगारा विहिरीच्या नरड्यात अडकून बसला. पाळण्यातल्या आठांपैकी पाच गेले, तीन वाचले. ढिगाऱ्याखाली १९९ माणसं आणि मुलं जिवंत होती. त्यांच्यापैकी एकाच्याही अंगावर तुळई पडली नव्हती.

इथे मी जरा थांबतो. ही माणसं कशानं मेली, हे नीट समजून घेतलं पाहिजे. पंप बंद पडला, तळाला पाणी चढणार हे त्यांना कळलं. म्हणून सगळ्यात खालच्या थरातून शिडीच्या चिंचोळ्या विहिरीनं ते वरच्या थरात आले. तिथेच भट्टी होती आणि तिथूनच भट्टीचा बोगदा शाफ्टला मिळत होता. म्हणजे बाहेर पडायच्या सगळ्यात जवळच्या जागी ती येऊन बसली. त्यांनी जे केलं ते शहाण्या खाणकामगारानं करायचं तेच होतं. पण फळ्या गेल्या होत्या, आणि फळ्यांबरोबर हवेची येण्याची आणि जाण्याची वाट गेली होती. ढिगारा फोडणाऱ्या माणसांना खालून जो वायू वर येताना लागत होता तो पेवातला वायू नव्हता. तो कार्बन मोनॉक्साइड होता, अपुऱ्या हवेत धुमसणाऱ्या कोळशाचा. त्याला वास नाही, रंग नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात कंदील विझत नाही. माणूस मरतो आणि त्याच्या शेजारी दिवा शांतपणे जळत असतो. माझ्या मामांची कंदिलाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. या वायूचं खाणीतलं खरं काम जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं १८९६ च्या अहवालात उलगडलं. स्फोटात माणसं भाजून मेली असं सगळे धरून चालायचे, त्यातली बहुतेक या वायूनं गेलेली असतात, हे त्यानं दाखवलं. त्यानंच खाणीत पिंजऱ्यातले पक्षी न्यायला सांगितलं. कॅनरी पक्षी माणसाच्या आधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी थेट १९८६ पर्यंत होते.

वरती काय चाललं होतं? विल्यम कूल्सन नावाचा विहिरी पाडणारा जुना, नावाजलेला कारागीर आपली माणसं घेऊन आला. ढिगाऱ्यावर उभं राहायला जागा नव्हती, म्हणून माणसं दोराच्या फासात बसून विहिरीत लटकत होती. लाकडाचा आधार गेल्यानं बाजूच्या भिंतीतून दगड सुटत होते. एकेक फळी, एकेक धोंडा वर काढायचा. वर बाया-पोरं उभी, दिवसरात्र. महिन्याभरापूर्वीच विधवा झालेल्या राणी व्हिक्टोरियानं ऑस्बर्नहून तारा केल्या, काही आशा आहे का विचारलं. खालचा वायू वाढत गेला तसे लटकलेले लोक गुंगीत जायला लागले, आणि त्यांना भराभर वर ओढावं लागलं. काम थांबलं. मग पुढे जायचं कसं? कूल्सननं विहिरीत कापडाचा पडदा सोडला. विहिरीचे पुन्हा दोन भाग केले, हवा एका बाजूनं खाली आणि दुसऱ्या बाजूनं वर. मेलेल्यांपर्यंत पोचायलासुद्धा आधी हवेला परतीची वाट करून द्यावी लागली.

बुधवारी, २२ तारखेला, वाट झाली. माणसं सापडली ती शाफ्टजवळच, रांगेनं बसलेली. बाप आणि मुलगे एकमेकांना टेकून. एकही जिवंत नव्हता.

एका ओव्हरमनच्या, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याच्या, खिशात त्याची हजेरीची वही होती. जेम्स अमोस त्याचं नाव. त्यात शुक्रवारी दुपारची नोंद होती: पावणेदोनला प्रार्थना झाली, कुणी कुणी प्रार्थना सांगितली, अडीचच्या सुमारास कोण कोण फार आजारी झालं. नावानिशी. तो आक्रोश करत नव्हता, कुणाला शाप देत नव्हता. ओव्हरमन होता, पाळीची नोंद करत होता. तुळई पडली गुरुवारी साडेदहाला, म्हणजे २७ तासांनंतरही वहीत वेळ आणि नावं घालणारा माणूस तिथे होता. मी स्वतः ३० वर्षं रिपोर्ट लिहिले. त्या वहीचा विचार आला की माझी सगळी सह्यांची पानं मला फिकी वाटतात.

दफन अर्स्डनच्या चर्चच्या आवारात झालं. तिथे नावांचा स्तंभ आहे. जोसेफ स्किप्सी हा खाणकामगारच कवी होता, त्यानं या घटनेवर लिहिलेली कविता निधी जमवण्यासाठी गावोगाव म्हणून दाखवली.

चौकशी झाली. ज्युरीनं अपघाती मृत्यू म्हटलं. सोबत दोन गोष्टी सुचवल्या: इंजिनाच्या तुळया ओतीव लोखंडाऐवजी घडीव लोखंडाच्या करा, आणि प्रत्येक खाणीला दुसरा शाफ्ट किंवा दुसरी वाट असू द्या. ऑगस्ट १८६२ मध्ये कायदा झाला. नव्या खाणीला कमीत कमी दोन वाटा पाहिजेत, आणि त्या दोन वाटांमध्ये किमान दहा फूट अस्सल खडक पाहिजे. फळी चालणार नाही, भिंत चालणार नाही, धरणीनं स्वतः घातलेली भिंत पाहिजे. जुन्या खाणींना १८६५ उजाडेपर्यंत मुदत मिळाली.

मघाशी मी म्हणालो, कळलं नव्हतं असं म्हणता येत नाही. १८३९ मध्ये साउथ शील्ड्स गावच्या सेंट हिल्डा खाणीत स्फोट झाला. त्यावर गावातल्या लोकांनी स्वतःच समिती नेमली. सरकारनं नाही, गावानं. त्या समितीनं १८४३ मध्ये अहवाल दिला. खाणींना शाफ्ट अपुरे आहेत, हवा अपुरी आहे, नुसत्या सुरक्षा-दिव्यावर भिस्त ठेवू नका, हे सगळं त्यात होतं. हेस्टर पिट खणायला सुरुवात झाली त्याच्या आधी दोन वर्षं. कागद छापलेला होता, वाचायला उपलब्ध होता, आणि बारा फुटांची विहीर तशीच एकटी खाली गेली. १८४३ ते १८६२, एकोणीस वर्षं. मला हार्टलेच्या मालकांपेक्षा ही एकोणीस वर्षं जास्त दोषी वाटतात. तुळई तुटणं अपघात असेल, एकच विहीर असणं अपघात नव्हता.

आणि धडा एका देशात शिकला की दुसऱ्या देशात आपोआप जात नाही. सात वर्षांनी, ६ सप्टेंबर १८६९ ला, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅव्हॉन्डेल खाणीत पुन्हा तेच. एकच शाफ्ट, त्यात लाकडी अस्तर, तळाला भट्टी, आणि वर कोळसा फोडायचा लाकडी इमला थेट तोंडावर बांधलेला. आग लागली, ११० माणसं गेली. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियानं दुसऱ्या वाटेचा कायदा केला. मेलेल्यांत वेल्सहून आलेले पुष्कळ होते. त्यांच्या मायदेशी हा कायदा सात वर्षं जुना झाला होता.

तुम्ही म्हणाल, चला, दुसरी वाट केली की झालं. नाही. फ्रान्सच्या कूरिएरमध्ये १० मार्च १९०६ ला स्फोट झाला. तिथे एकाला एक जोडलेल्या कितीतरी विहिरी होत्या, वाटाच वाटा. पण कोळशाची पूड पेटली आणि ज्वाळा त्याच वाटांनी एका खाणीतून दुसरीत गेली. १०९९ माणसं मेली, युरोपात खाणीत कधी इतकी मेली नाहीत. आणि वीस दिवसांनी, शोध थांबवल्यावर, तेरा माणसं आपली आपण चालत बाहेर आली. म्हणजे वाटांनीच मारलं आणि वाटांनीच सोडलंही. खाणीत हवा आली की सगळं भलं, असं भाबडं गणित नसतं. ती किती यावी, कुठून जावी आणि कुठे अडवावी, हे सगळं मिळून वायुवीजन.

आपल्याकडे राणीगंजला कोळसा काढायला १७७४ मध्येच सुरुवात झाली, पण खाणींचा पहिला कायदा १९०१ चा. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली वरोऱ्याची सरकारी खाण तर कायदा झाला तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती; १९०६ मध्ये ती बंद झाली. पुढे १९५७ चे कोळसा खाण विनियम आले, त्यात दोन बाहेरच्या वाटांमधलं अंतर १३.५ मीटर झालं. हार्टलेचे दहा फूट वाढत वाढत तिथवर आले. त्याच विनियमांत आकडे होते: पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर हवा, किंवा रोजच्या दर टन कोळशामागे अडीच घनमीटर, दोन्हीत जास्त असेल ते. हवेत प्राणवायू १९ टक्क्यांच्या खाली नको. परतीच्या हवेत मिथेन पाऊण टक्क्याच्या वर नको. माणसाला बसल्या जागी मिनिटाला सात-आठ लिटर हवा पुरते. मग सहा हजार लिटर कशाला, असं एका नव्या सर्व्हेअरनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, पाच हजार नऊशे नव्वद लिटर वाईट हवा उचलून बाहेर नेण्यासाठी.

भट्ट्या गेल्या, पंखे आले. बेल्जियमच्या गिबालचा पंखा १८६० च्या दशकात खाणीखाणीत बसायला लागला. आजचा पंखा जमिनीवरच असतो, शाफ्टच्या तोंडावर न बसवता बाजूला, एका आडव्या बोगद्यानं जोडलेला. आत स्फोट झालाच तर पंखा त्याच्या वाटेत येऊ नये म्हणून. तो उलटाही फिरवता यावा लागतो. तो आत हवा ढकलत नाही, बाहेर ओढतो. म्हणजे आजही सगळी मांडणी परतीच्या वाटेभोवतीच आहे. मुका बोगदा लांबी-रुंदीनं बदलला, काम तेच.

जे कधी खाली उतरले नाहीत त्यांच्यासाठी एक सांगतो. खाणीत हवेची येण्याची आणि जाण्याची वाट यांच्यामध्ये दोन दारं असतात, एकामागोमाग एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. येण्याच्या वाटेला, म्हणजे इनटेकला, पायाखाली ओलं असतं आणि अंगाला गार लागतं, माथेरानला आल्यासारखं. पहिलं दार ढकललं की ते ढकलू देत नाही. हवा पाठीमागून लोटते किंवा समोरून रेटते. शिट्टीसारखा आवाज होतो. दुसरं दार उघडलं की रिटर्न. एकदम उबट. ओल्या लाकडाचा, तेलाचा, माणसांचा वास. सगळ्या खाणीनं वापरून सोडलेली हवा तोंडावर येते. नव्या माणसाला तिथे नको वाटतं. मला आवडायचं. खाण कशी आहे ते रिटर्नला कळतं, इनटेकला नाही. तिथे काळी पाटी असायची, अ‍ॅनिमोमीटरनं वेग मोजायचा, बोगद्याच्या रुंदी-उंचीशी गुणायचं आणि खडूनं तारीख, आकडा, सही.

एकदा दुपारच्या पाळीत मी फेसवर, म्हणजे कोळसा तोडायच्या जागी, उभा होतो. खाणीचं नाव घेत नाही, घेण्याचं कारणही नाही. अचानक वाटलं, काहीतरी थांबलं. आधी कळेना काय. आवाज सगळे तसेच होते. मग लक्षात आलं, कानाला जो एक बारीक गार स्पर्श सतत असतो, ज्याची आठवणसुद्धा राहत नाही, तो नाही. मी जवळच्या सरदाराला, म्हणजे मुकादमाला, म्हटलं, ‘वारा गेला रे.’ तो आधीच दिव्याचा झोत मागे फिरवून पाहत होता. आम्ही सगळ्यांना घेऊन निघालो. पुढे काय सापडलं? दोन्ही दारांखाली दगड सारलेले. लांब पाइप न्यायचे होते, दारं मधे येत होती, कुणीतरी दोन्ही उघडी ठेवून गेला होता. हवा शहाणी असते, तिला जवळची वाट मिळाली की ती लांबची कशाला जाईल? इनटेकची सगळी ताजी हवा थेट रिटर्नमध्ये चालली होती, आमच्यापर्यंत येतच नव्हती. दगड काढले, दारं लागली, दहा मिनिटांत कान पुन्हा गार झाला. कुणाला खरचटलंही नाही. संध्याकाळी मी त्या माणसावर खूप ओरडलो. रात्री झोप आली नाही. दोरी धरून कोनाड्यात बसलेलं ते १८४२ च्या आधीचं पोर आठवत राहिलं. त्याला झोप लागली तर असंच व्हायचं.

आता आपल्या भागात जमिनीखालच्या खाणी कमी होत चालल्या आहेत. बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो. तिथे वर आभाळ असतं, परतीच्या वाटेचा प्रश्न नाही. बंद पडलेल्या शाफ्टवर काँक्रीटचं झाकण बसतं, पंखा भंगारात जातो. त्याच्याबरोबर पंखाघरातली एक गोष्टही जाते, तिच्यासाठी मी हा एवढा वेळ घेतला. पंखाघरात बसणारा माणूस पाळीभर वॉटर गेजचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा वहीत लिहायचा. रात्री दोनला, तीनला, पावसात, दिवाळीत. किती मिलिमीटर, पंखा चालू की बंद, बंद पडला तर किती वाजता, कधी सुरू झाला, सही. खाली तीनशे माणसं असोत की तीस, त्यांच्या श्वासाचा हा एकमेव लेखी पुरावा. अमोसनं शुक्रवारी दुपारी जे केलं तेच ही माणसं रोज करत होती, फक्त सुदैवानं त्यांच्या वहीत कुणाचं नाव लिहायची वेळ आली नाही.

ही जुनी वह्यांची गाठोडी कुणी जपत नाही. काही निवृत्त माणसांनी घरी नेली आहेत, मुलांच्या गणितासाठी पाठकोऱ्या पानांचा उपयोग झाला आहे. तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात वडिलांची, सासऱ्यांची अशी वही असेल, पंख्याची, लॅम्परूमची किंवा ओव्हरमनच्या रिपोर्टची, तर ती रद्दीत घालू नका. फाटकी असली तरी चालेल, गणितं सोडवलेली असली तरी चालेल. इथे वाचनालयात आणून द्या. पदाधिकाऱ्यांशी मी बोललो आहे, त्यांनी आतल्या खोलीतलं एक कपाट मोकळं केलं आहे. वाचनालय रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं, सोमवारी बंद.